बुकिंगची रक्कम, पोर्टलचे पेआउट आणि माझे बिल : घरमालकांशी हिशेब जुळत नाही

शिवाजीपेठकर | 8 नोव्हेंबर 2025

नमस्कार. मी कोल्हापुरात तीन घरांची पर्यटकांच्या मुक्कामाची व्यवस्था पाहतो. बुकिंग घेणे, पाहुण्यांना किल्ली देणे, साफसफाई आणि धुलाई करून घेणे आणि ठरलेल्या मुदतीने मालकांना हिशेब पाठवणे, असे कामाचे स्वरूप आहे. दोन घरांबाबत काही तक्रार नाही. तिसरे घर म्हणजे शिवाजी पेठेतील चार खोल्यांचा जुना वाडा. त्याचे मालक पुण्यात राहतात आणि वयाने मोठे असल्याने मी त्यांना काका म्हणतो. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पहिल्याच हिशेबावरून आमच्यात वाद झाला असून तेव्हापासून त्यांनी माझा फोन घेणेही कमी केले आहे.

वाडा ऑनलाइन बुकिंगच्या पोर्टलवर जुलैमध्ये टाकला, परंतु पाहुणे घेणे 1 सप्टेंबरपासून सुरू केले. करार दोन पानांचा आहे, तो मीच लिहिला होता आणि त्यातील वादाचे वाक्य असे आहे : "व्यवस्थापकास बुकिंगच्या रकमेच्या 20 टक्के मोबदला मिळेल, देखभालीचा खर्च मालकाचा राहील." पोर्टलवरचे खाते माझ्या नावाने आहे, पैसे माझ्या बँकेत येतात आणि माझे बिल व खर्च वजा करून उरलेली रक्कम मी काकांना पाठवतो. त्यांना पाहण्यापुरता प्रवेश मी स्वतःच देऊन ठेवला होता, आणि वाद तिथूनच निघाला.

काकांनी ॲपच्या पहिल्या पानावर सप्टेंबर-ऑक्टोबरचा आकडा पाहिला, तो 3,64,800 रुपये होता. त्यातून माझे 20 टक्के, म्हणजे 72,960 वजा करून आपल्याला 2,91,840 रुपये मिळायला हवेत, असे त्यांनी धरले. मी त्यांना पाठवले 1,73,342 रुपये. फरक 1,18,498 रुपयांचा. त्यांचे शब्द जसेच्या तसे देतो : "पाहुण्यांनी साडेतीन लाखांच्या वर भरले, माझ्याकडे पावणेदोन आले. मधले पैसे कुणाच्या घरात गेले एवढंच मला सांग, बाकी हिशेब तुझा तू ठेव."

भरीस भर म्हणून त्यांचे मेहुणे नवरात्रात आमच्याकडेच पोर्टलवरून बुकिंग करून दोन रात्री राहिले. त्यांच्या पावतीवर 7,616 रुपये आहेत आणि माझ्या तक्त्यात त्याच मुक्कामासमोर 6,800 आहेत. "घरच्या माणसाच्या पावतीत आठशे सोळा रुपये कमी दाखवतोस, मग परक्यांच्या पावत्यांचे काय," असा त्यावरचा प्रश्न. मी एक रुपयाही खाल्लेला नाही, परंतु ते मला समजावून सांगता येत नाही. कसे मांडावे?

मुक्काम_पन्हाळा | 8 नोव्हेंबर

आपल्या जिल्ह्यात उसाचा दर कानावर आला की पहिला प्रश्न असतो तोडणी-वाहतूक धरून की वजा जाता. तेवढे विचारल्याशिवाय कोणीही शेतकरी पुढे बोलत नाही. आपण मात्र "बुकिंगची रक्कम" असे लिहून मोकळे झालात. धरून की वजा जाता, हे करारात कुठेच नाही. माझ्या मते दोघांच्याही मनात खोट नाही, दोघांनी एकच शब्द दोन अर्थांनी वाचला आहे. पोर्टल किती कमिशन कापते ते सांगितले नाहीत.

शिवाजीपेठकर | 8 नोव्हेंबर

पाहुण्याच्या एकूण रकमेवर, म्हणजे खोलीभाडे अधिक साफसफाई यांवर 15 टक्के, आणि त्या कमिशनवर 18 टक्के जीएसटी. म्हणजे शंभरामागे 17 रुपये 70 पैसे.

खतावणी | 9 नोव्हेंबर

मी गुळाच्या पेढीवर जमाखर्च लिहिण्यात बरीच वर्षे काढली आहेत, त्या अनुभवावरून सांगतो. आपल्या वादात तारखा तीन आहेत आणि हिशेब एकच मांडला गेला आहे. काका मोजतात ते बुकिंग ज्या दिवशी झाले त्या तारखेने, कारण ॲपचे पहिले पान तसेच दाखवते. आपण बिल केले ते पाहुणा ज्या दिवशी आला त्या तारखेने. आणि पैसे पाठवले ते बँकेत ज्या दिवशी जमा झाले त्या तारखेने. या तीन रकमा महिनाअखेरीस एकमेकींशी जुळणे हा निव्वळ योगायोग ठरेल. नवरात्र आणि दिवाळी एकाच हिशेबात आल्यावर तर ते शक्यच नाही.

पोर्टलवरून बुकिंगचा संपूर्ण तक्ता उतरवून घ्या आणि पुढील पाच आकडे येथे द्या : सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झालेल्या बुकिंगपैकी रद्द होऊन पूर्ण परतावा गेलेली रक्कम, त्याच काळात झालेली पण पुढच्या महिन्यांतील मुक्कामांची रक्कम, जुलै-ऑगस्टमध्ये झालेली पण या दोन महिन्यांत मुक्काम झालेली रक्कम, 31 ऑक्टोबरपर्यंत पाहुणा येऊन गेला तरी बँकेत न आलेली रक्कम, आणि आपण कापलेला खर्च. त्यानंतर बोलू. तोवर काकांना फोन करू नका. आकडे हातात नसताना केलेला प्रत्येक फोन वाद वाढवतो.

शिवाजीपेठकर | 10 नोव्हेंबर

दोन रात्री बसून काढले. रद्द झालेली 28,800. नोव्हेंबर-डिसेंबरच्या मुक्कामांची 51,200. जुलै-ऑगस्टमध्येच झालेली, बहुतेक घटस्थापना ते दसरा या काळातील, 67,200. 30 आणि 31 ऑक्टोबरला आलेल्या पाहुण्यांचे ढोबळ, म्हणजे काहीही कापण्यापूर्वीचे, 16,000, ज्यांचे पैसे शनिवार-रविवार मध्ये आल्याने 3 नोव्हेंबरला जमा झाले. माझ्या कपाती : मोबदला 70,400, साफसफाई 17,600 (44 मुक्काम, प्रत्येकी 400), वीज-धुलाई-किरकोळ 14,850. पोर्टलने आयकराचा टीडीएस, म्हणजे पैसे देण्यापूर्वीच कापायचा कर, 352 रुपये कापला आहे.

खतावणी | 11 नोव्हेंबर

आता जुळते. काकांच्या 3,64,800 मधून रद्द झालेले 28,800 आणि पुढच्या महिन्यांचे 51,200 वजा करा, आधीच्या महिन्यांत घेतलेले 67,200 मिळवा, 3,52,000 रुपये येतात. या दोन महिन्यांत वाड्यात आलेल्या पाहुण्यांचा खरा ढोबळ आकडा हाच आहे. यावर 15 टक्के कमिशन 52,800, त्यावरील जीएसटी 9,504, मिळून 62,304. आणि टीडीएस 352. म्हणजे पोर्टलकडून एकंदर 2,89,344 यायला हवेत. त्यांपैकी 16,000 ढोबळाचे निव्वळ 13,152 नोव्हेंबरमध्ये आले, म्हणून 31 ऑक्टोबरपर्यंत आपल्या बँकेत 2,76,192 असणार. पासबुकाशी ताडून पाहा. त्यातून 70,400, 17,600 आणि 14,850 गेल्यावर 1,73,342 उरतात. एका रुपयाचाही फरक नाही.

काकांच्या बाजूने तोच फरक असा उलगडतो. त्यांच्या अपेक्षेपेक्षा ढोबळ आकडा 12,800 ने कमी, पोर्टलचे 62,304, टीडीएस 352, वाटेत असलेले 13,152, साफसफाई 17,600, इतर खर्च 14,850, यांची बेरीज 1,21,058. आणि आपला मोबदला त्यांनी धरल्यापेक्षा 2,560 ने कमी, तो उलट वजा केला की 1,18,498. पैसे कुणाच्याही घरात गेलेले नाहीत. निम्म्याहून अधिक रक्कम पोर्टलने घेतली आहे, आणि हा आकडा काकांना आपण आजवर कागदावर एकदाही दाखवलेला नाही.

गुळाच्या बाजारात शेतकऱ्याला पट्टी मिळते, ती आपण पाहिली असेल. वर वजन, दर आणि होणारी पूर्ण रक्कम, खाली हमाली, तोलाई अशी एकेक वजावट, आणि शेवटी निव्वळ देणे. शेतकरी पट्टीवर भांडतो तेव्हा तो एखाद्या ओळीवर भांडतो, पेढीच्या हेतूवर नाही. आपण काकांना फक्त शेवटची ओळ पाठवलीत.

एक गोष्ट मात्र मला रुचली नाही. जे 16,000 रुपये 31 ऑक्टोबरला आलेलेच नव्हते, त्यांवरचा 3,200 रुपये मोबदला आपण ऑक्टोबरमध्येच कापून घेतलात. मालकाचे पैसे वाटेत आणि आपले पैसे हातात, हे दिसायला बरे नाही.

दारावरची_घंटा | 11 नोव्हेंबर

माझी स्वतःची एक सदनिका रंकाळ्याजवळ आहे आणि ती दुसरे गृहस्थ चालवतात, म्हणून मी काकांच्या खुर्चीतून पाहतो. खतावणी यांनी ताळमेळ लावला, पण ताळमेळ लागला म्हणजे बिल बरोबर आहे असे होत नाही. मला दोन शंका आहेत.

पहिली साफसफाईची. पाहुण्याकडून आलेले 400 रुपये आपण 3,52,000 मध्ये धरले, त्या पूर्ण रकमेवर 20 टक्के घेतले, आणि नंतर तेच 400 रुपये सफाई करणाऱ्या बाईंना दिले म्हणून मालकाच्या हिश्श्यातून वजाही केले. खर्च वजा करणे योग्य आहे. पण जी रक्कम मालकाच्या हाती क्षणभरही राहत नाही, तिच्यावर मोबदला कशाचा?

दुसरी शंका अधिक अवघड आहे आणि ती विचारल्याबद्दल राग मानू नये. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांची महाद्वार रोडवरची गर्दी आपण सर्वांनी पाहिली आहे. अशा दिवसांत, मंदिरापासून चालत जाण्याच्या अंतरावर चार खोल्या असताना, फोनवरून किंवा दारात येऊन विचारणारा एकही पाहुणा राहिला नाही? आपल्या तक्त्यात पोर्टलबाहेरची एकही ओळ नाही.

शिवाजीपेठकर | 12 नोव्हेंबर

दोन्ही शंका बरोबर निघाल्या, हे लिहिताना मला संकोच वाटतो. साफसफाईबाबत माझे सूत्रच चुकले. एक्सेलमध्ये 20 टक्के एकूण रकमेच्या स्तंभाला लावले होते, खोलीभाड्याच्या नाही. 17,600 वरचे 3,520 रुपये मी जास्त घेतले आहेत.

दुसऱ्याबद्दल वाड्यातली नोंदवही काढून बसलो. पाहुण्याचे नाव, गाव, ओळखपत्राचा क्रमांक आणि येण्या-जाण्याची वेळ लिहिण्याची ती लाल कापडी पुठ्ठ्याची वही आहे. ललिता पंचमीला देवीची पालखी टेंबलाईला जाते, त्या दिवशी पोर्टलवरचे एक बुकिंग ऐनवेळी रद्द झाले होते आणि रिकाम्या झालेल्या दोन खोल्यांत थेट आलेली दोन कुटुंबे राहिली. त्यांच्या नावांपुढे माझ्याच अक्षरात "4,800 रोख" आणि "4,800 यूपीआय" असे लिहिलेले आहे. एकूण 9,600. यूपीआयचे पैसे माझ्या दुसऱ्या खात्यात गेले, रोख रक्कम त्या आठवड्याच्या किराणा-धुलाईत मिसळली आणि पोर्टलचा तक्ता हाच पूर्ण हिशेब, असे मी धरून चाललो. हेतू नव्हता, परंतु काकांनी ही वही आधी पाहिली असती तर त्यांना ते पटले असते असे मला वाटत नाही.

मुक्काम_पन्हाळा | 12 नोव्हेंबर

हे काकांना आपणहून सांगा, आणि ताळमेळाच्या आधी सांगा. नंतर सांगितले तर पकडले गेल्यावर सांगितले असे वाटेल.

ताळेबंद | 13 नोव्हेंबर

मी कर सल्लागार आहे. मोबदल्याच्या वादात पडत नाही. मेहुण्यांची पावती, टीडीएस आणि खाते कुणाच्या नावावर, एवढ्यावरच लिहितो.

पावतीतील 816 रुपये हा जीएसटी आहे. 3,200 प्रमाणे दोन रात्रींचे 6,400 अधिक साफसफाई 400, मिळून 6,800, आणि त्यावर 12 टक्के. आपण आणि काका दोघेही जीएसटीत नोंदणीकृत नाही असे गृहीत धरतो. अशा वेळी पोर्टलवरून दिलेल्या मुक्कामाचा कर पाहुण्याकडून घेऊन सरकारकडे भरण्याची जबाबदारी केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 9(5) नुसार पोर्टलवरच असते. ही रक्कम आपल्या ढोबळ आकड्यात येत नाही, पेआउटमध्ये, म्हणजे पोर्टल आपल्या बँकेत भरते त्या रकमेत, येत नाही आणि तिच्यावर मोबदलाही लागत नाही. आपल्या तक्त्यात 6,800 आहेत ते बरोबरच आहे.

काका यावर आणखी एक प्रश्न विचारतील, त्याची तयारी ठेवा. दर दिवशी 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा कर 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, आणि यंदा घटस्थापनाही नेमकी त्याच दिवशी होती. मग त्यानंतर राहिलेल्या मेहुण्यांना 12 टक्के का? दर बदलतो तेव्हा कलम 14 लागू होते. सेवा, बिल आणि पैसे या तीन गोष्टींपैकी दोन ज्या बाजूला पडतात, त्या बाजूचा दर लागतो. मेहुण्यांनी पैसे ऑगस्टमध्ये भरले असतील आणि पोर्टलने बिलही तेव्हाच दिले असेल, तर मुक्काम नवरात्रात होऊनही 12 टक्केच योग्य. बिल मुक्कामानंतर दिलेले असेल तर 5 टक्के, म्हणजे 340 रुपये लागायला हवे होते आणि 476 रुपयांची तक्रार मेहुण्यांनी पोर्टलकडे करावी, आपल्याकडे नव्हे. पावतीवरची तारीख पाहून घ्या.

आता टीडीएस. 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 194-ओ खाली पोर्टल विक्रेत्याच्या ढोबळ रकमेवर, कमिशन वजा होण्यापूर्वी, कर कापते. हा दर 1 ऑक्टोबर 2024 पासून 1 टक्क्याऐवजी 0.1 टक्का आहे. व्यक्तीच्या नावे वर्षभराची ढोबळ रक्कम 5 लाखांपर्यंत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेले असेल तर कापत नाहीत. आपल्या पॅनवर तीन घरे असल्याने मर्यादा ओलांडली गेली आणि 352 रुपये कापले गेले. एवढ्याशा रकमेसाठी कशाला डोके शिणवा, असे वाटेल. परंतु प्रश्न 352 चा नाही, त्यामागच्या 3,52,000 चा आहे. वार्षिक माहिती पत्रकात ही पूर्ण रक्कम आपली विक्री म्हणून दिसते, प्रत्यक्षात त्यातील आपले उत्पन्न केवळ मोबदल्याएवढे आहे. उत्पन्न दुसऱ्याचे आणि करकपात आपल्या नावावर असेल, तर 1962 च्या आयकर नियमांतील नियम 37बीए नुसार कर कापणाऱ्याकडे तसे घोषणापत्र देऊन श्रेय खऱ्या मालकाकडे वळवण्याची सोय आहे. पोर्टलकडून ते करून घेणे चिवट काम आहे. म्हणून करारपत्र आणि प्रत्येक हिशेबाची प्रत जपून ठेवा, विवरणपत्र भरताना तीच आपला आधार असेल.

जीएसटीतही तोच धोका आहे. तिन्ही घरांची ढोबळ विक्री आपल्या नावावर जमत राहिली आणि वर्षात 20 लाखांच्या वर गेली, तर नोंदणी आपल्याला घ्यावी लागेल. मग पोर्टल कर भरणार नाही, तो आपल्याला भरावा लागेल, आणि पोर्टल कलम 52 नुसार 0.5 टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या रकमेतून पोर्टलने गोळा करायचा कर, कापून पेआउट देईल. शिवाय 5 टक्क्यांच्या दरात आपण भरलेल्या जीएसटीची वजावट (इनपुट टॅक्स क्रेडिट) मिळत नसल्याने कमिशनवरचे 9,504 तेव्हाही अंगावरच राहतील. यावर उपाय एकच : प्रत्येक मालकाचे खाते त्याच्या पॅनवर आणि त्याच्या बँकेशी जोडलेले असावे, आपण त्यात फक्त सहव्यवस्थापक असावे, आणि मोबदल्याचे बिल वेगळे पाठवावे.

दारावरची_घंटा | 13 नोव्हेंबर

शेवटच्या उपायाला मालक म्हणून माझा पाठिंबा, पण व्यवस्थापक म्हणून शिवाजीपेठकर यांना तो जड जाईल. पैसे मालकाच्या खात्यात गेले की बिलाची वसुली त्यांनाच करत बसावी लागेल. माझे गृहस्थ दर महिन्याच्या 5 तारखेला बिल पाठवतात आणि मी ते 20 तारखेपर्यंत विसरलेलो असतो.

वकीलपत्र | 14 नोव्हेंबर

कायद्याच्या दृष्टीने आपण काकांचे अभिकर्ते, म्हणजे एजंट, आहात. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 213 प्रमाणे मालकाने मागताच योग्य हिशेब देणे हे अभिकर्त्याचे कर्तव्य आहे. त्यामुळे काकांनी विचारणे हा अविश्वास नसून त्यांचा हक्क आहे, हे आधी मनाशी मान्य करावे. दुसरीकडे कलम 217 आपल्या बाजूचे आहे. मालकासाठी घेतलेल्या रकमेतून योग्य खर्च आणि देय मोबदला ठेवून घेण्याची मुभा ते देते, आणि कलम 218 म्हणते की त्या वजावटींनंतरची रक्कम देणे बंधनकारक आहे. ललिता पंचमीचे 9,600 या शेवटच्या कलमात येतात. ते लगेच द्यावेत, वादाच्या निकालाची वाट पाहू नये.

उरतो "बुकिंगची रक्कम" हा शब्द. संदिग्ध शब्दाचा अर्थ मसुदा ज्याने केला त्याच्या विरोधात लावण्याकडे न्यायालयांचा कल असतो, आणि मसुदा आपला आहे. काका उद्या म्हणाले की 20 टक्के पेआउटवरच, तर 70,400 ऐवजी सुमारे 57,869 रुपयेच आपले होतात, आणि ते अगदीच तर्कदुष्ट नाही. मात्र करार करताना किंवा त्यानंतर दोघांनी तो शब्द कसा वापरला, याला मोठे महत्त्व असते. करारापूर्वी काकांना एखादा नमुना हिशेब पाठवला होता का? व्हॉट्सॲपवर, तोंडी, कसाही? जुने संदेश चाळून पाहा.

शिवाजीपेठकर | 14 नोव्हेंबर

सापडला. जुलैमधला संदेश आहे : "काका, उदाहरणार्थ एका रात्रीचे 2,400 चे बुकिंग आले तर माझे 480. पोर्टलचे कमिशन आणि झाडलोट तुमच्या बाजूने." त्याखाली त्यांचे उत्तर : "ठीक. रंगकाम कधी संपतंय?" मी स्वतःच हे विसरून गेलो होतो.

वकीलपत्र | 14 नोव्हेंबर

मग वाद जवळजवळ संपला. 2,400 चे 480 म्हणजे कमिशनपूर्व खोलीभाड्यावर 20 टक्के, आणि झाडलोट वेगळी धरलेली असल्याने तिच्यावर मोबदला नाही. हा संदेश आपल्याला 70,400 मिळवून देत नाही आणि काकांना 57,869 वर येऊ देत नाही. 3,34,400 खोलीभाड्यावर 66,880. पत्रात "पाहा, तुम्हीच ठीक म्हणाला होतात" अशा सुरात तो घालू नये. आपल्या चुकीच्या खाली, तिच्या दुरुस्तीचा आधार म्हणून द्यावा.

खतावणी | 15 नोव्हेंबर

सहमत. फक्त पुढच्यासाठी एक विचार मांडतो. मोबदला कमिशनपूर्व रकमेवर असला की पाहुणा महागड्या पोर्टलवरून आला काय आणि थेट फोनवरून आला काय, व्यवस्थापकाला सारखेच मिळते, आणि कमिशनचा पूर्ण भार एकटा मालक उचलतो. कमिशन वजा जाता रकमेवर टक्का थोडा वाढवून घेतला तर थेट पाहुणा मिळवण्यात दोघांचाही फायदा राहील. आपण हे काकांपुढे ठेवून पाहा. मागच्या हिशेबाला मात्र लावू नका.

शिवाजीपेठकर | 23 नोव्हेंबर

उशिराने लिहितो आहे. फोन न करता मागच्या रविवारी मी पुण्याला गेलो. सोबत पट्टी, पासबुकाची प्रत, पोर्टलचा तक्ता आणि ती लाल वही नेली होती. मुक्काम_पन्हाळा यांनी सांगितल्याप्रमाणे वही आधी उघडली. काकांनी ललिता पंचमीचे पान बराच वेळ पाहिले आणि विचारले, "हे तू स्वतः काढलंस की कुणी दाखवलं?" मी म्हणालो, दुसऱ्याने विचारले म्हणून काढले. त्यावर ते काही बोलले नाहीत, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आता पट्टी दे."

पट्टीचा शेवटचा भाग असा आहे :

ऑक्टोबरअखेर वाटेत असलेले पेआउट (3 नोव्हेंबरला जमा) : 13,152
साफसफाईवर चुकून घेतलेला मोबदला परत : 3,520
थेट पाहुणे 9,600, वजा मोबदला 1,920 : 7,680
पोर्टलने माझ्या पॅनवर कापलेला टीडीएस, माझ्या पदरचा : 352
निव्वळ देणे : 24,704

टीडीएसचे श्रेय कसे घ्यायचे ते माझे सीए पाहतील. काकांच्या हिशेबात ती ओळ अडकून राहू नये असे मला वाटले. थेट कुटुंबांच्या झाडलोटीचा खर्च मी लावला नाही.

62,304 च्या ओळीवर ते सर्वांत जास्त वेळ थांबले. त्यांचा समज असा होता की पोर्टल पाहुण्याकडून वेगळे पैसे घेते आणि आपल्याकडून काहीच घेत नाही. मेहुण्यांच्या पावतीवर ऑगस्टचीच तारीख निघाली, तेव्हा 12 टक्के बरोबर ठरले. तरीही "सात टक्के उगाच गेले" ही मेहुण्यांची हळहळ कायम आहे आणि तिला माझ्याकडे इलाज नाही. इतर खर्चातील 14,850 मध्ये गिझर दुरुस्तीची एक पावती नव्हती, ती त्यांनी फोटोवर मान्य केली.

डिसेंबरपासून पोर्टलचे खाते त्यांच्या पॅनवर आणि त्यांच्या बँकेशी जोडत आहोत. मोबदला कमिशन वजा जाता खोलीभाड्यावर 23 टक्के ठरला. करारात "बुकिंगची रक्कम" हा शब्द खोडून त्याजागी एका मुक्कामाचे पूर्ण उदाहरण आकड्यांसह लिहिले, आणि त्याखाली दोघांनी सही केली. बिल महिन्याच्या 5 तारखेला, पैसे 12 तारखेपर्यंत. 12 तारीख दारावरची_घंटा यांचा प्रतिसाद वाचून घातली, हे काकांना सांगितलेले नाही.

24,704 रुपये सोमवारी पाठवले. संध्याकाळी त्यांचा संदेश आला : "मिळाले. जोतिबाच्या यात्रेला खोल्या ठेव, आम्ही चौघे येतोय. बुकिंग पोर्टलवरून करू नकोस."

खतावणी | 23 नोव्हेंबर

त्या चौघांची नोंद मात्र वहीत करा.

शिवाजीपेठकर | 23 नोव्हेंबर

आजच केली. रकमेच्या रकान्यात "मालक, निरंक" असे लिहिले आहे.